१६ बाय १६ चौकोनांत मावणारी आजी

प्रश्न सांगलीच्या एका गृहस्थांचा आहे. त्यांची मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेले सहा महिने रात्ररात्र जागून संगणकावर चौकोनी ठिपक्यांची चित्रं काढते आहे. तिला गेमसाठी चित्रकार व्हायचंय. ते विचारतात, "आम्ही लहानपणी मारिओ खेळलो तेव्हा यंत्रंच तशी होती, म्हणून चित्रंही तशी. आता साध्या फोनवरसुद्धा खऱ्यासारखी माणसं चालताना दिसतात. मग हे ठिपके अजून कोणाला हवेत? जुन्या आठवणींपलीकडे यात काही आहे का? आणि तिने यात वर्षं घालवावीत का?"

मी गेली १८ वर्षं पुण्यात बसून गेमसाठी चित्रं काढतो. त्यातली ११ वर्षं जवळजवळ फक्त पिक्सेल आर्ट, म्हणजे हीच ठिपक्यांची चित्रं. त्यामुळे हा प्रश्न मला घरच्यांनी, ग्राहकांनी, बँकेतल्या साहेबांनीसुद्धा विचारून झाला आहे. इथे नीट, सवडीने उत्तर देतो.

आधी आठवणींचं बघू. तुमच्या प्रश्नातच त्याचं अर्धं उत्तर आहे. आठवणी तुमच्या आहेत आणि चित्रं काढते आहे ती तुमची मुलगी. तिने कॅसेटमध्ये फुंकर मारलेली नाही, चॅनेल लावायला टीव्हीमागची पिन हलवलेली नाही. मी शिकवतो त्या वर्गातली निम्मी मुलं २००३ नंतर जन्मलेली आहेत. ज्या काळाची आठवणच नाही, त्या काळासाठी कोणी रात्री जागवत नाही. तिला त्या चित्रांत आज, आत्ता काहीतरी दिसतंय.

आणि जमलं तर तुमची स्वतःची आठवणही एकदा तपासून बघा. निन्टेन्डोचं फॅमिकॉम जपानात जुलै १९८३ मध्ये आलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात 'व्हिडिओ गेम' म्हणून जे डबे मिळायचे, ज्यांच्या पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन वन' असं लिहिलेलं असायचं, ते बहुतेक याच यंत्राच्या नकला होत्या. त्याचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. पण तुम्ही ते पाहिलंत काचेच्या जड टीव्हीवर. त्या टीव्हीत ठिपक्याला धारदार कडा नसतेच. तो शेजारच्या ठिपक्यात थोडा झिरपतो, दोन ओळींमध्ये बारीक काळी रेघ राहते. शिवाय तो ठिपका चौरसही नव्हता, आडवा किंचित रुंद दिसायचा. त्या काळच्या चित्रकारांना हे पक्कं ठाऊक होतं आणि ते त्याचा उपयोग करून घ्यायचे. १९९१ च्या 'सॉनिक'मधल्या धबधब्यात नुसत्या उभ्या रेघा आहेत, एक सोडून एक. साध्या वायरने जोडलेल्या टीव्हीवर त्या एकमेकींत विरघळायच्या आणि पाण्यातून मागचं दिसतंय असं वाटायचं. आजच्या सपाट पडद्यावर तोच धबधबा झाडूच्या काड्यांसारखा दिसतो.

म्हणजे आज आपण ज्याला पिक्सेल आर्ट म्हणतो, ते लख्ख, कोरीव चौकोनांचं चित्र, तुमच्या लहानपणी जवळजवळ कोणीच पाहिलेलं नाही. २०१४ चा 'शव्हल नाइट' बघा. पाहताक्षणी वाटतं की हा अगदी जुना गेम आहे. प्रत्यक्षात करणाऱ्यांनी पडदा रुंद केला, मूळ यंत्राच्या रंगांत मोजकेच नवे रंग घातले, आणि एका ओळीत आठाहून जास्त आकृत्या आल्या की जी लुकलुक व्हायची ती काढून टाकली. हे जुन्या भाषेत केलेलं नवं लिखाण आहे. आजही कोणी ओवी लिहितो, म्हणून तो तेराव्या शतकात राहतो असं आपण म्हणत नाही.

मग त्यात आहे काय? मी एका चित्राचीच गोष्ट सांगतो, कारण हे नुसतं बोलून कळत नाही.

काही वर्षांपूर्वी मला गावातल्या एका गेमसाठी आजी काढायची होती. माप १६ बाय १६, म्हणजे सगळे मिळून २५६ चौकोन. त्यातले चहूबाजूंचे रिकामे सोडले तर आजीच्या वाट्याला शंभर-सव्वाशे आले. रंग घेतले सहा. नऊवारी, अंबाडा, कुंकू, किंचित वाकलेली पाठ, एवढं सगळं यात बसवायचं.

पहिल्या दिवशी मी कुंकू काढलं आणि अडकलो. चेहरा ६ चौकोन रुंद. कपाळावर एक लाल चौकोन ठेवला तर तो कपाळाचा सहावा भाग होतो. कुंकू दिसतच नाही, जखम दिसते. दोन दिवस तो एक चौकोन मी वर-खाली, डावी-उजवीकडे करत होतो. शेवटी जागा बदललीच नाही, रंग बदलला. आजीच्या कातडीचा रंग आणि कुंकवाचा लाल यांच्या मधला, विटकरीकडे झुकणारा एक रंग घेतला. झालं. आता तो ठिपका मोठा राहिला नाही. डोळ्याने त्याचा आकार आपणहून लहान करून घेतला. सव्वाशे चौकोनांतला एक चौकोन आणि त्यातला एक रंग, इतक्यावर बाईचा चेहरा घायाळ दिसायचा की प्रसन्न, हे ठरलं.

पाठीचं त्याहून सोपं निघालं. डोकं धडाच्या पुढे एक चौकोन सरकवलं आणि ती वाकली. बस्स, एक चौकोन. पांढऱ्या अंबाड्याला तीन लागले.

नऊवारी मात्र उभ्या आजीत काही केल्या दिसेना. काठासाठी खालची एक ओळ हिरवी केली, तर परकर वाटायचा. कासोटा दाखवायला मागे जागाच नाही. मग चालण्याच्या चौकटी, म्हणजे एकामागून एक दाखवायची चित्रं, काढायला घेतल्या आणि तिथे उत्तर सापडलं. सहावारी नेसलेली बाई चालते तेव्हा साडीचा खालचा भाग घंटेसारखा एकत्र हलतो. नऊवारीत पाय वेगळे होतात आणि कापड पायांबरोबर जातं. मी मधे एक उभी गडद रेघ घातली, पावलं टाकताना काठाची हिरवी ओळ दोन तुकड्यांत मागेपुढे केली. चार चौकटींची चाल. आजी उभी असताना अर्धवट होती, चालायला लागली आणि नऊवारीत आली. खेळून बघणाऱ्या एका मुलाने मला सांगितलं की आजीच्या हातात पितळी तांब्या आहे. तांब्या मी काढलाच नव्हता. त्याच्या आजीच्या हातात असायचा.

पिक्सेल आर्टची सगळी ओढ मला त्या तांब्यात दिसते. चित्र अर्धं कागदावर असतं, अर्धं बघणारा भरतो. जितकं नेमकं अर्धं तुम्ही द्याल तितकं त्याच्याकडून येतं. खऱ्यासारखं हुबेहूब माणूस दाखवलं की बघणारा तपासनीस होतो: डोळे जरा मेलेले वाटतात, ओठ शब्दांवर बसत नाहीत. १६ चौकोनांच्या माणसाकडून तो अशी अपेक्षाच करत नाही; आपलं काहीतरी त्यात घालतो, आणि जे आपण घातलेलं असतं त्यावर माया जडते.

हे काही नव्याने कळलेलं नाही. १९८१ च्या 'डाँकी काँग'साठी शिगेरु मियामोतोंना १६ बाय १६ मध्ये माणूस काढायचा होता. केस काढून ते उडीबरोबर हलते ठेवणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून टोपी दिली. नाक उठून दिसावं आणि तोंड काढावं लागू नये म्हणून मिशी. हात धडापासून वेगळे कळावेत म्हणून वेगळ्या रंगाची डंगरी. जगभर ओळखला जाणारा मारिओचा चेहरा असा अडचणीतून घडला. पुढे १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४० किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसवला. आजच्या फोनवरच्या एका फोटोच्या जागेत तो अख्खा गेम पन्नास वेळा मावेल. त्यातले ढग आणि खालची झुडपं एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेले. कितीतरी वर्षं खेळूनही हे बहुतेकांच्या ध्यानात आलं नाही, कारण निळ्या पार्श्वभूमीवर पांढरं वर दिसलं की आपण ढगच बघतो आणि जमिनीलगत हिरवं दिसलं की झुडूप.

चित्रकार सुझन केअर यांनी १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकासाठी ३२ बाय ३२ मध्ये चिन्हं काढली: कचऱ्याची टोपली, हसरा संगणक. त्यांनी आधी ती आलेख-वहीत चौकोन रंगवून काढली, आणि मोझेक व सुईकामाचा अनुभव इथे कामाला आला असं त्या सांगत आल्या आहेत. मला हे वाचून नवल वाटलं नाही. माझी आई मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिच करायची. मासिकातून कापून ठेवलेला चौकोनांचा नमुना, प्रत्येक चौकोनात एक खूण, खुणेप्रमाणे दोऱ्याचा रंग. मोराच्या मानेवर दोन निळे कुठे बदलायचे यावर ती अर्धा तास घालवायची, टाके उसवून पुन्हा घालायची. मी आज करतो ते तेच, फक्त मला उसवायला सोपं जातं. तुमच्या घरात कोणी मॅटीवर भरलं असेल किंवा मण्यांचं तोरण केलं असेल, तर तुमच्या मुलीला तिची कला घरातच सापडेल. हे मी मनापासून सांगतो. माझे कितीतरी चांगले विद्यार्थी भरतकाम करणाऱ्या घरांतून आले आहेत आणि 'एक टाका चुकला की नक्षी चुकते' हे त्यांना वेगळं शिकवावं लागलेलं नाही.

आता गेमकडे. भिंतीवर टांगायच्या चित्राला एवढं पुरेल, पण गेममधलं चित्र खेळायचं असतं. आणि पिक्सेल आर्टचं मोठं बळ माझ्या मते इथे आहे, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं: इथे चित्र आणि नियम एकाच मापाचे असतात.

तुमच्या पिढीचा सर्वांत ओळखीचा दाखला घेऊ. नोकिया ३३१० चा पडदा ८४ बाय ४८ ठिपक्यांचा, एकरंगी. त्यावरचा साप. सापाचं अंग, त्याचं खाणं, भिंत, सगळं एकाच मापाच्या तुकड्यांत. त्यामुळे आपण वळू शकतो की नाही हे कोणालाही डोळ्यांनी मोजता यायचं. कडेला घासून गेलो तरी 'मला लागलंच नव्हतं' अशी तक्रार कोणी केली नाही. दिसतं तेच खरं होतं.

'सेलेस्ट' हा २०१८ चा गेम. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते. तिला हवेत एकदाच झेप घेता येते, पुन्हा जमिनीला पाय लागेपर्यंत दुसरी नाही. ही गोष्ट खेळणाऱ्याला क्षणोक्षणी कळायला हवी, कारण मरायला निमिषही पुरतं. कोपऱ्यात आकडा दाखवला तर नजर तिकडे जाईल आणि ती दरीत. म्हणून तिच्या केसांचा रंग बदलतो: झेप शिल्लक असेल तर लाल, संपली की निळे. मुलगी पडद्यावर नखाएवढी दिसते, चेहऱ्याला दोन-चार ठिपके, पण केस हा तिचा सर्वांत मोठा, सर्वांत ठळक रंगाचा भाग. पन्नास तास खेळलेल्यांना विचारा, केस कधी बघता? ते म्हणतील, बघत नाही, कळतं. चित्राने खेळाचा नियम स्वतःच्या अंगावर घेतला आहे. हीच मुलगी हुबेहूब काढली असती, वाऱ्यावर उडणाऱ्या हजार केसांची, डोंगरावरच्या उन्हात, तर लाल-निळ्याचा हा सरळ इशारा सावल्यांत आणि चमकेत हरवला असता. त्या गेममध्ये संवादाच्या वेळी येणारे चेहरे मात्र मोठे आणि बारकाईने रंगवलेले आहेत, आणि तेही योग्यच आहे. तिथे पळायचं नसतं, ऐकायचं असतं.

'सेलेस्ट'चं मूळ रूप २०१५ मध्ये चार दिवसांत पिको-८ वर केलेलं होतं. पिको-८ हे खरं यंत्र नाही, संगणकावर चालणारा कल्पित कन्सोल आहे: पडदा १२८ बाय १२८, रंग १६, आणि ते १६ कुठले हेही आधीच ठरलेलं. आजच्या काळात कोणीतरी मुद्दाम हे कुंपण घालून घेतलं आणि शेकडो लोक आनंदाने आत जाऊन बसले. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला विचारा, त्याला याचं आश्चर्य वाटणार नाही.

आता पैशांचं. 'ठिपके स्वस्त पडतात, म्हणून छोट्या कंपन्या वापरतात' हे मी शंभरदा ऐकलं आहे. यात थोडं तथ्य आहे. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त काळ खपून 'स्टारड्यू व्हॅली' केला. चित्रं, संगीत, लिखाण, सगळं त्याचंच. तो २०१६ मध्ये आला आणि २०२४ पर्यंत त्याच्या ३ कोटींहून जास्त प्रती खपल्या. त्यातलं शेत १६ बाय १६ च्या चौकोनांचं, एका चौकोनात एक रोप, म्हणजे पुन्हा चित्र आणि नियम एकच माप. एकट्या माणसाच्या हाताला अख्खं गाव झेपलं ते या मापामुळे. हुबेहूब त्रिमितीय गाव एकट्याला जन्मभर पुरलं असतं.

पण माप लहान म्हणून काम लहान, असं नाही. नॉर्वेतल्या एका छोट्या चमूला 'आउलबॉय' पुरा करायला २००७ ते २०१६ एवढा काळ लागला. कारण चित्र मोठं होत गेलं की चौकोन वर्गाने वाढतात. १६ बाय १६ ला २५६, ३२ बाय ३२ ला १०२४, आणि माझ्या आजीची चाल चार दिशांनी चार चौकटी म्हणजे १६ चित्रं. डावी-उजवी उलटवून वापरली तरी १२. त्यात बसणं, उठणं, पाणी शेंदणं, रागावणं. मोठ्या मापात प्रत्येक हालचालीची प्रत्येक चौकट हाताने, आणि पोशाख बदलायचा ठरला तर पुन्हा पहिल्यापासून. त्रिमितीय पुतळ्याला मात्र नवा सदरा एकदाच घालावा लागतो. म्हणूनच 'डेड सेल्स' करणाऱ्यांनी पात्रं त्रिमितीत घडवून, त्यांची हालचाल लहान मापात उतरवून घेण्याची वाट धरली. काही जुने चित्रकार त्याला पिक्सेल आर्ट मानत नाहीत. मी हालचालीपुरतं त्याचं कौतुक करतो. थांबलेल्या चौकटीत मात्र तिथे हाताचा निर्णय कमी दिसतो, हे माझं मत आहे.

मी सर्वांत जास्त भांडतो ते मात्र पैशांवरून नाही, मोठं करण्यावरून. चित्र ३२० बाय १८० चं असेल तर ते सहापट केलं की बरोबर १९२० बाय १०८० होतं. प्रत्येक ठिपक्याचा ६ बाय ६ चा चौकोन, सगळं जिथल्या तिथे. पण आपल्याकडे कितीतरी लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चे होते आणि अजून आहेत. ७६८ ला १८० ने भागा: ४.२६ आणि वर काही. म्हणजे काही ओळी ४ ठिपक्यांच्या, काही ५ च्या. एका कामात ग्राहकाने आग्रह धरला की पडदा पूर्ण भरलाच पाहिजे, कडेला काळी पट्टी चालणार नाही. मी लेखी कळवलं, ऐकलं गेलं नाही. गेम आला. पात्र चालायला लागलं की त्याचा एक डोळा क्षणात मोठा, क्षणात लहान. मागची भिंत पाण्यासारखी लहरत होती. लोकांनी लिहिलं, चित्रकाराला काम येत नाही. चार वर्षांचे ठिपके होते ते. चौपट करून, कडेला थोडी पट्टी सोडून, हे सगळं टळलं असतं. तेव्हापासून मी काम घेण्याआधीच विचारतो: कुठल्या पडद्यावर, किती पट. तुमच्या मुलीनेही हे विचारायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. तसंच एका पडद्यावर दोन मापांचे ठिपके येऊ देऊ नयेत. लहान काढलेली नाणी मोठी करून बारीक पात्राशेजारी ठेवली की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी फाटल्यासारखं वाटतं.

एक काम मात्र आपल्या भाषेत फार कमी झालं आहे आणि ते तिच्यासारख्या कोणीतरी करावं अशी माझी फार इच्छा आहे. देवनागरीचे ठिपक्यांचे फॉन्ट.

रोमन अक्षरं ८ बाय ८ मध्ये सुखाने बसतात. कितीतरी जुने गेम त्यावरच चालले. आपलं अक्षर त्यात घालून बघा. शिरोरेषेला एक ओळ. तिच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार. खाली उकार, ऋकार. मधल्या अंगाला मग उरतं काय? मी 'मूर्ती' हा शब्द कसोटीला घेतो. त्यात खाली दीर्घ ऊकार आहे आणि वर दीर्घ वेलांटीच्या डोक्यावर रफार. हा एक शब्द नीट वाचता आला तर फॉन्ट अर्धा झाला. माझ्या फॉन्टला १३ ओळी लागल्या: वर ३, शिरोरेषा १, अंग ६, खाली ३. आणि तेवढ्यातही 'ब' आणि 'व' यांतला फरक पोटातल्या एका तिरक्या ठिपक्यावर आला. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची शिरोरेषा एका ठिपक्याने तुटली आहे की नाही, एवढ्यावर शब्द फिरतो. 'ळ' ला दोन्ही गाठी हव्यात, नाहीतर तो वेगळाच काहीतरी होतो, आणि मराठी गेममध्ये 'ळ' नीट नसणं मला सहन होत नाही. 'हृ' आणि 'ह्र' वेगळे दिसले पाहिजेत. जोडाक्षरांचं तर वेगळं प्रकरण. 'ट्ठ' एकाखाली एक लिहायला गेलो तर पुढच्या ओळीत घुसतो, म्हणून पाय मोडूनच लिहावा लागला.

त्यात भर म्हणजे अनेक गेम इंजिनं, म्हणजे गेम ज्यावर बांधतात ती सॉफ्टवेअरं, ठिपक्यांचा फॉन्ट एकेक अक्षर सुटं ठेवत जातात. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनानंतर येते आणि दिसताना आधी, हे त्यांना ठाऊकच नसतं. 'किती' लिहिलं की वेलांटी 'क' च्या नंतर जाऊन बसते. मग आपणच अक्षरांचे गट करून, प्रत्येक गटाचं वेगळं चित्र काढून, कुठल्या क्रमाला कुठलं चित्र हे लिहून द्यावं लागतं. साडेतीनशेच्या वर चित्रं झाली माझी. पण पहिल्यांदा त्या आजीच्या तोंडी "दमलास ना रे बाळा" हे वाक्य ठिपक्यांत उमटलं, तेव्हा स्टुडिओतले आम्ही चौघं उठून पडद्याजवळ गेलो होतो. इतकी वर्षं गेम खेळून, त्यातल्या कोणी आमच्याशी मराठीत बोललेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

चित्रं बनवून देणाऱ्या यंत्रांबद्दलही हल्ली विचारतात, म्हणून दोन शब्द. ती लांबून पिक्सेल आर्टसारखं दिसणारं चित्र देतात. जवळ जाऊन बघा: चौकोन एका मापाचे नसतात, काही दीड ठिपक्याचे, आणि जिथे सहा रंग पुरले असते तिथे एकमेकांसारखे शेकडो. ते साफ करायला बसलो की नव्याने काढणं लवकर होतं. उद्या ती सुधारतीलही. पण कुंकवाचा रंग विटकरी का, याचं कारण मला माहीत आहे आणि पुढची आजी काढताना ते मला उपयोगी पडतं.

तिने वर्षं घालवावीत का, याचं सरळ उत्तर: फक्त पिक्सेल आर्टवर पगाराची नोकरी आपल्याकडे सहज मिळत नाही. माझ्या हाती येणारं बहुतेक काम परदेशातल्या दोन-तीन जणांच्या चमूंचं, ठरावीक मुदतीचं असतं, आणि मधले महिने कोरडेही जातात. पदवी पुरी करू द्या, तेवढं नक्की. त्याबरोबर रोज दीड-दोन तास हे. साधन महाग नाही: ठिपक्यांची चित्रं काढायचं पिस्केल हे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये फुकट चालतं, लिब्रेस्प्राइटही फुकट आहे, हात बसला की एसेप्राइट विकत घ्या. पहिले तीन महिने मापं १६ बाय १६ च्या वर जाऊ नयेत आणि रंग चारच्या वर नकोत. राक्षस आणि तलवारी नकोत. घरातल्या वस्तू काढू देत. खलबत्ता, किसणी, गॅसची शेगडी, तुमची चप्पल. किसणी फार अवघड आहे, तिच्यावर आठवडा गेला तरी जाऊ दे. सावली देताना त्याच रंगात काळा मिसळायचा नाही, रंग निळ्या-जांभळ्याकडे न्यायचा. उजेडाकडे जाताना पिवळ्याकडे. मग हालचाल: उभ्या माणसाचा नुसता श्वास. इथे सगळे खांदा एक चौकोन वर उचलतात आणि माणूस उचकी लागल्यासारखा दिसतो, कारण १६ चौकोन उंच काढलेल्या पाच फुटी माणसात एक चौकोन म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर. खांदा हलवायचाच नाही. खांद्यावरच्या ओळीचा रंग एका चौकटीपुरता मधल्या छटेचा करायचा. श्वास दिसतो.

आणि तुम्ही एक काम करा. ती चित्र दाखवायला आली की मोठं करून मागू नका. आहे तेवढ्याच मापात, हातभर लांबून बघा, आणि ती सांगायच्या आत हे काय आहे ते ओळखा. चुकलात तरी मनात आलं तेच सांगा, तिला वाईट वाटेल म्हणून बदलू नका. माझी आई अजून माझी चित्रं अशीच बघते, चष्मा काढून.